वजनकाट्याचं गाणं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची कॅसेट मिळाली. पत्र वाचलं. कॅसेट टेबलावर आहे आणि बहुधा तिथंच राहील.

ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीला गेली नाहीस, कारण त्याच दिवशी तुझ्या मंडळींचा कार्यक्रम होता. कंट्री संगीताचा. हे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून बारा वर्षं दर शनिवारी तुला शिकवलं. चाचणीच्या सचिवांकडे मी स्वतः शब्द टाकला होता. आता त्यांना काय सांगू, माझी भाची लाकडाच्या गिरणीच्या गावात फिडल वाजवते म्हणून? व्हायोलिनला फिडल म्हणायला लागलीस तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कंट्री म्हणजे काय ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. न्हाव्याच्या दुकानात मला ते सक्तीनं ऐकावं लागतं. तीन सूर, एक घोडा आणि एक सोडून गेलेली बायको. गाणारा नाकातून गातो, कारण तोंड रडण्यात गुंतलेलं असतं.

ताईला आणि भाऊजींना हे ठाऊक आहे का? तुझी आई तरी काही बोलली असेल. भाऊजी काय, आयुष्यभर ट्रक चालवला, त्यांना व्हायोलिन आणि फिडल सारखंच.

तुझा,
मामा

•

१६ फेब्रुवारी

ती. मामांस,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही शब्द टाकलात हे मला आधी कळलं असतं, तर तेव्हाच नको म्हटलं असतं. मला आत जायचं असेल तर दार माझ्या हातानं उघडेन. दारांचं म्हणाल तर दिवसभर मी तेच करते. दारांच्या कारखान्यात पॉलिशच्या विभागात आहे. बोटांना जपते, हातमोजे घालते, काळजी नको.

आमच्या मंडळींची ओळख करून देते. बास वाजवतो तो वेल्डर आहे. बँजो वाजवते आणि गाते ती बेकरीवाली. स्टील गिटारवर शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका. तालीम बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये. पोती आवाज पितात, त्यामुळे तिथं चूक लपत नाही. तुमच्या खोलीतसुद्धा इतकं स्वच्छ ऐकू यायचं नाही.

कॅसेटवर आठ गाणी आहेत, घरच्या घरी भरलेली. उन्हाळ्यात ती नीट स्टुडिओत भरायची आहेत, छापील मुखपृष्ठासकट. त्याआधी मला चुका हव्या आहेत. तुम्ही चाळीस वर्षं परीक्षक आहात. न ऐकता कुणाला नापास केलंत का? केलं असेल तर मलाही करा.

आई-बाबांना सगळं ठाऊक आहे. बाबांची नजर आणखी कमी झाली आहे. लायसन्स परत केल्यापासून फारसे बोलत नाहीत.

तुमची,
भिंगरी

•

२ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

न ऐकता मी कुणाला नापास केलेलं नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिथंच बोट ठेवलंस. रविवारी सकाळी पेन्सिल घेऊन बसलो.

पहिलं गाणं. गज तारांखालच्या घोडीच्या फार जवळ चालतो, आवाज किरटा होतो. बँजोवाली दुसऱ्या कडव्यात पळते, तिला धर.

दुसरं. घोडा नाही, कुत्रा आहे. प्रगती म्हणायची. शेवटच्या ओळीआधी तू घाई केलीस, ती खोड तुझी लहानपणापासूनची.

तिसरं, 'वजनकाटा'. याबद्दल नंतर लिहितो.

चौथं ते आठवं. वेल्डरचा हात पक्का आहे, त्याला सांग. सहाव्यात तुझं वाजवणं उत्तम, पण गाणं फडतूस. सातवं लांबलं. आठव्यात सगळे एकदम गातात ते बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

एकूण पास. पहिला वर्ग नाही.

आता तिसरं. ते मी लागोपाठ चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा पेन्सिल हातातच राहिली.

गाडी चढली काट्यावर, काटा बोलला खरा,
मालाचं तेवढं वजन धरलं, माणूस राहिला पुरा.
झोपलेली लेक ठेवून आलो, दार ओढलं हळू,
ते ओझं मी आता कुठल्या काट्यावर घालू?

'हळू' या शब्दावर चाल खाली येते आणि क्षणभर थांबते, कडी वाजू नये म्हणून माणूस थांबतो तशी. हे ज्यानं केलं त्याला चाल बांधता येते. शब्दही जिथल्या तिथं आहेत. एखाद्या जाणत्या कवीकडून लिहून घेतलंत का? कोण आहे हा?

मामा

•

२९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. 'गाणं फडतूस' म्हटल्याचा राग आला असेल, तर तो ठेव, मी शब्द मागे घेत नाही. पण तिसऱ्या गाण्याचं मी विचारलं होतं.

दुसऱ्या कडव्यानंतर तू जो तुकडा वाजवतेस तो कागदावर उतरवायला बसलो. तीन दिवस लागले आणि जमलं नाही. तुझा गांधार शुद्ध नाही, कोमलही नाही, मध्येच कुठंतरी आहे. आधी वाटलं बोट चुकलं. मग पाहिलं तर तू तो सूर सहा वेळा घेतेस, आणि सहाही वेळा नेमक्या त्याच जागी. चूक इतकी नेमकी नसते. माझ्या स्वरलिपीच्या पाच रेघांत तो बसेना. या वयात मला न लिहिता येणारा सूर भेटला.

आणखी एक सांगतो, ताईला कळवू नकोस. परवा न्हाव्याला म्हटलं, रेडिओ जरा मोठा कर. त्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला. म्हणाला, "साहेब, बरं आहे ना?" मग दाढी आटोपून त्यानं घरून तीन कॅसेटी आणून दिल्या. जुन्या, झिजलेल्या. सगळ्याच चांगल्या नाहीत. पण एक म्हातारी बाई आहे त्यात, स्वयंपाकघरात समोर बसून सांगावं तसं गाते, आवाज कुठंही चढवत नाही. तिच्यामागे ती स्टील गिटार घसरत येते, बोलता बोलता माणसाला पुढचं बोलवेनासं व्हावं तशी. तीन सूर आहेत हे मी बरोबर मोजलं होतं. मोजून झाल्यावर ऐकायला बसलो नव्हतो, एवढंच.

त्या कवीचा पत्ता पाठव. मला त्याला लिहायचं आहे.

मामा

•

६ एप्रिल

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

राग नव्हता. शपथ होती. आज ती मोडते आहे.

पत्ता तुमच्याकडे आहे. गाणं बाबांचं आहे. शब्द आणि चाल, दोन्ही. त्यांच्या जुन्या लॉगबुकांच्या मागच्या पानांवर अशी एकतीस गाणी आहेत. मागच्या पावसाळ्यात आई-बाबांकडचं छत गळलं तेव्हा माळा रिकामा करताना मला ती सापडली. बाबा म्हणाले, जाळून टाक. मी म्हटलं, वाजवते. शेवटी कबूल झाले, पण दोन अटी घातल्या. मुखपृष्ठावर नाव येणार नाही. आणि, "तुझ्या मामाला कळता कामा नये. पोरी, तो हसेल."

तुम्ही हसाल असं मलाही वाटलं होतं. म्हणून तर कॅसेट काही न सांगता पाठवली. तुम्ही 'जाणता कवी' लिहिलंत ते पत्र मी कारखान्यात, पॉलिशच्या वासात उभ्या उभ्या वाचलं. शेजारच्या बाईनं विचारलं, घरी कुणी गेलं का.

महिनाभर ते दडवून ठेवलं. आता तुम्हीच काय ते करा.

तुमची,
भिंगरी

•

१५ एप्रिल

ती. भाऊजींस,
सा. न.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, कारण त्यांत मी फार चांगला दिसत होतो.

'वजनकाटा' ऐकलं. कुणाचं आहे हे ठाऊक नसताना ऐकलं आणि भिंगरीला लिहून विचारलं, हा जाणता कवी कोण. तिनं शपथ मोडली, तिच्यावर रागावू नका. मीच दोनदा खोदून विचारलं.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. नीट वाजवल्या, त्याचा मला अभिमान आहे. पण स्वतःची एक ओळ मला कधी सुचली नाही. तुम्हाला एकतीस गाणी सुचली, आणि तुमच्या बायकोच्या भावाला त्याचा पत्ता नव्हता. त्यात दोष कुणाचा हे मला कळतं.

मुखपृष्ठावर तुमचं नाव यावं. माझी विनंती आहे.

तुमचा,
धाकटा मेहुणा

•

२७ एप्रिल

सप्रेम नमस्कार.

अक्षर मोठं आहे, कारण लहान दिसत नाही. पत्ता तुमच्या ताईनं घातला आहे.

पोरीवर रागावलो नाही. दोन दिवस बोललो नाही, पण मी तसाही कमीच बोलतो.

तुम्हाला आठवत नसेल. सव्वीस वर्षांपूर्वी तुमचं सामान हलवायला मी ट्रक घेऊन आलो होतो. कपाटं, पुस्तकं, दोन व्हायोलिनं मांडीवर घेऊन तुम्ही. मी कॅसेट लावली. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, हे बंद करा. यापेक्षा तुमचं इंजिन सुरात आहे." मी बंद केलं. मग पाच तास आपण इंजिन ऐकलं. खरं सांगायचं तर इंजिन त्या दिवशी सुरात नव्हतं, एक सिलिंडर चुकत होता. तुमच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी पोरीला तुमच्याकडे सोडून मी वर का येत नव्हतो, तेही आता सांगतो. वर आलो असतो तर बूट काढून, गप्प बसून, कळल्यासारखं तोंड करावं लागलं असतं. खाली ट्रकच्या केबिनमध्ये मला काम होतं. वरून तिचं वाजवणं यायचं. सात वर्षांची होती, बोटं आखूड. उतरताना एका सुरावर तिचं बोट पोचायचं नाही, आणि तुम्ही "पुन्हा" म्हणायचात. मला तो न पोचलेला सूर आवडायचा. तुम्ही तो दोन वर्षं खोडत होतात, मी तेवढ्यात लिहून ठेवला. 'वजनकाटा'ची चाल तिथली आहे. पुढं तुम्ही खिडकी लावून घ्यायला लागलात, डिझेलच्या धुरामुळं असेल. मग बाकीची गाणी मी माझ्या मनानं केली.

तुम्ही चांगलं म्हणालात, बरं वाटलं. पण तुम्ही म्हणालात म्हणून गाणं आज चांगलं झालं असं नाही. सतरा वर्षांपूर्वीही ते चांगलंच होतं. तुमच्या शिफारशीनं नाव लागायचं असेल तर नको. ड्रायव्हरचं नाव गाडीच्या दारावर असतं, तिथं माझं होतं. पोरगी वाजवते, मला पुरे.

तब्येतीला जपा.

तुमच्या ताईचे यजमान

•

२० मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं त्याची नक्कल सोबत जोडली आहे. जपून ठेव. माझा असा समाचार आजवर वाद्यवृंदाच्या कुठल्याही कंडक्टरनं घेतला नव्हता. त्या पत्राला कागदावर उत्तर नव्हतं, म्हणून शनिवारी सकाळच्या बसनं व्हायोलिन घेऊन ताईच्या घरी गेलो.

ताईनं दार उघडलं. माझ्या हातातली व्हायोलिनची पेटी पाहिली आणि म्हणाली, "ते मागं आहेत. भांडायला आला असशील तर आधी चहा घे."

"शिकायला आलोय," मी म्हटलं. तिनं चहा पुढं केला नाही, सरळ मागचं दार दाखवलं.

भाऊजी शेडमध्ये स्टुलावर बसले होते. टायरचे जुने जॅक पुसत होते, हातानं चाचपून. पावलं ओळखली. "तुम्ही?" म्हणाले.

"भाऊजी, तुमचा तो सूर मला लिहिता येत नाही. वाजवून पाहिला, वाजवताही येत नाही. शिकवा."

त्यांनी हातातला जॅक बाजूला ठेवला. मग म्हणाले, "काढा बाहेर."

भिंगरी, दीड तास. मी वाजवायचो, ते म्हणायचे, "वर गेलात." पुन्हा वाजवायचो. "आता खाली. ते रडणं झालं. मला रडायचं नाहीये, मी कामावर चाललोय." मी किती पोरांना 'पुन्हा' म्हणून रडवलं असेल याचा हिशेब त्या शेडमध्ये चुकता झाला. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "बोट नक्की ठेवायचं कुठं?"

"बोट ठेवायचं नाही," ते म्हणाले. "सात वर्षांच्या पोरीचा हात आहे असं समजा. पोचायला बघा, पण पोचू नका."

पुढच्या खेपेला तो सूर लागला. मला कळायच्या आधी स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ताई दारात येऊन उभी राहिली. भाऊजींनी गायला सुरुवात केली.

त्यांचा आवाज तू ऐकला असशील, मी प्रथमच ऐकला. जाडा आहे, कडेला चिरलेला आहे, आणि सुरात आहे. मी मागं मागं वाजवत गेलो. चाळीस वर्षं मोठ्या वाद्यवृंदात बसलो, पण कुणाच्या मागं चालताना इतकं जपून कधी वाजवलं नव्हतं.

मग मी नावाचा विषय काढला. ते लगेच आखडले. "ते झालंय बोलून," म्हणाले. मी काही सुचवणार तेवढ्यात ताई बोलली.

"लावा की नाव. मी तीस वर्षं या माणसाचं नाव लावतेय. मला काही झालं का?"

भाऊजी हसले. मलाही हसू आवरेना. हसणं संपल्यावर ते म्हणाले, "बारीक अक्षरात." ताई म्हणाली, "तुम्हाला वाचता येईल एवढ्या अक्षरात." म्हणजे भिंगरी, अक्षर पुरेसं मोठं हवं. छापखान्याला तसं सांग.

मामा

•

१९ ऑगस्ट

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही तिघं नीट पोचलात हे आईच्या फोननं कळलं. इथं अजून सगळे रविवारच्या कार्यक्रमातच आहेत. बेकरीवालीनं कॅसेटचं मुखपृष्ठ दुकानात काउंटरवर लावलं आहे. लोक पाव घेता घेता बाबांचं नाव वाचतात. चुकून कुणी वाचलं नाही तर ती मोठ्यानं वाचून दाखवते. बाबांचं पुढचं गाणं कुठलं, असं तीन जणांनी विचारलं. मी सांगितलं, अजून तीस आहेत, रांगेत या.

पण एक विचारायचं आहे. स्टेजवरून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. 'वजनकाटा' संपल्यावर वेल्डर माईकवर म्हणाला, हे ज्यांनी लिहिलं ते आज इथं बसलेत, आणि कामगार सभागृहातली तीनशे माणसं वळून बघायला लागली. बाबा खुर्चीला खिळल्यासारखे. आईनं कोपर मारलं, ते हलले नाहीत. मला वाटलं आता हे उठत नाहीत, आपलं चुकलंच. मग तुम्ही वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोललात, आणि ते ताडकन उठले. टाळ्या थांबेनात. ते मान खाली न घालता उभे होते. पुढचं गाणं मला सुरू करायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी सुरुवात चुकली. तुमच्या लक्षात आलंच असेल.

बाबांना विचारलं, काय म्हणाला मामा? ते म्हणतात, त्यालाच विचार.

काय म्हणालात?

तुमची,
भिंगरी

•

२८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सुरुवात चुकली ती लक्षात आली. माफ आहे. त्या दिवसापुरती.

सचिव परवा भेटले. म्हणाले, भाची अजून मोकळी असेल तर पुढच्या चाचणीला पाठवा. मी म्हटलं, ती मोकळी नाही, तिची स्वतःची मंडळी आहे, आणि तिकिटं मिळत नाहीत. दुसरं थोडं वाढवून सांगितलं.

भाऊजींचं पत्र आलंय. दोनच ओळी. 'नवीन एक सुचतंय, मधला तुकडा अडलाय. शनिवारी ये, पेटी घेऊन ये.' इतकी वर्षं मला अहो-जाहो करणाऱ्या माणसानं 'ये' लिहिलं आहे. ओळ मी न्हाव्यालाही दाखवली.

आता तुझा प्रश्न. मी फार मोठं काही बोललो नाही. ते उठेनात, लोक शोधत होते, आणि नेमके माझ्याच कोटाकडे, पांढऱ्या केसांकडे बघत होते. म्हणून मी वाकून म्हटलं, "भाऊजी, उठा. तुम्ही उठला नाहीत तर मी उठेन. लोकांना वाटेल गाणं माझं आहे, आणि मी नाही म्हणणार नाही."

त्यांना ती थट्टा वाटली असेल. मी खुर्चीचे हात धरलेले होते, अर्धा उठलोच होतो.

तुझा,
मामा